सरकारी वकिलांचे एक वाक्य, ज्यूरी आणि निष्पक्ष खटल्याचा हक्क

सुजाता_क

नमस्कार. मी १९ वर्षांपासून अमेरिकेत राहते आणि आता इथली नागरिक आहे. मागच्या वर्षी आमच्या काउंटीच्या न्यायालयात एका फौजदारी खटल्यात ज्यूरीच्या १२ सदस्यांपैकी एक म्हणून मी काम केले. खटला संपला, आरोपी दोषी ठरला आणि आता याविषयी बोलायला तुम्ही मोकळे आहात, असे सांगून न्यायाधीशांनी आम्हाला निरोप दिला. तरीही त्या खटल्यातले एक वाक्य माझ्या मनातून जात नाही, आणि त्याबद्दलच मला इथल्या जाणकारांना विचारायचे आहे.

आरोप एका दुकानातील जबरी चोरीचा होता. आरोपी तरुण आणि कृष्णवर्णीय होता. दुकानदाराने त्याला ओळखले होते. कॅमेऱ्यातले चित्रणही होते, पण त्यात निम्मा चेहरा टोपीखाली झाकलेला होता. बचाव पक्षाची महत्त्वाची अशी एकच साक्षीदार होती, आरोपीची मावसबहीण. त्या संध्याकाळी तो आपल्याच घरी होता, असे तिने शपथेवर सांगितले. अंतिम युक्तिवादात सरकारी वकील आमच्या कठड्याजवळ येऊन उभे राहिले, त्यांनी आवाज खाली आणला आणि ते म्हणाले, "त्या लोकांत एक अलिखित नियम असतो, तो आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या माणसाविरुद्ध ते तोंड उघडत नाहीत." वर्णाचा उल्लेख त्यांनी केला नाही. "त्या लोकांत" म्हणताना त्यांनी मान मात्र किंचित वळवली, आरोपीच्या मागे बसलेल्या त्याच्या घरच्यांकडे.

बचाव पक्षाच्या वकिलांनी लगेच हरकत घेतली, न्यायाधीशांनी ती मान्य केली आणि "ज्यूरीने हे विधान विचारात घेऊ नये" असे आम्हाला बजावले. हे सारे अर्ध्या मिनिटात झाले. माझ्या वहीत मी "अलिखित नियम" असे लिहून त्याखाली रेघ ओढली होती. न्यायाधीशांची सूचना ऐकून मी ते शब्द खोडले. खटला संपल्यावर सगळ्यांच्या वह्या नष्ट करण्यासाठी काढून घेतल्या, पण ते खोडलेले शब्द मला अजून दिसतात. आणि मला सर्वात जास्त टोचते ते हे, की मी स्वतः गोरी नाही, तरीही "आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे" हे ऐकताना माझी मान नकळत हलली होती.

खोडलेले शब्द ज्यूरीच्या मनातून जातात असे कायदा खरोखरच मानतो का? वर्णाचा शब्द उच्चारलेला नसला, तरी असे विधान कायद्याच्या दृष्टीने वर्णद्वेषी ठरू शकते का? आणि पुरावा पुरेसा असेल, तर अशा वाक्याने काही बिघडते का?

विश्वास_अपील

सुजाताताई, मी अमेरिकेत फौजदारी अपिलांचे काम करतो. अशी वाक्ये मी नेहमी कामकाजाच्या नोंदीत, छापील ओळींच्या रूपात वाचतो. ती ज्यूरीच्या बाकावर बसून ऐकताना काय होते, हे इतक्या प्रांजळपणे सांगितलेले मी क्वचितच वाचले आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर तुलनेने स्पष्ट आहे.

पूर्वी ही भाषा उघड असे. १९१७ साली अलाबामातील एका खटल्यात सरकारी वकिलाने ज्यूरीला सांगितले होते की, या निग्रोला फाशी दिली नाहीत तर खेड्यांत राहणारे आपले गोरे लोक सुरक्षित राहणार नाहीत. त्या काळातही तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने हे विधान अनुचित ठरवले होते. पुढे १९३३ मध्ये त्याच राज्यातील डिकेटर येथे, स्कॉट्सबोरो प्रकरणातील (नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर दोन गोऱ्या स्त्रियांवरील बलात्काराचा खोटा आरोप) हेवुड पॅटरसन याच्या दुसऱ्या खटल्यात, अभियोग पक्षाच्या एका वकिलाने आरोपीच्या ज्यू वकिलाकडे रोख ठेवून ज्यूरीला आवाहन केले, की अलाबामाचा न्याय न्यूयॉर्कहून आलेल्या ज्यूंच्या पैशाने विकत घेता येत नाही हे दाखवून द्या. बचाव पक्षाचे सॅम्युएल लीबोविट्झ यांनी तिथल्या तिथे खटला रद्द करून नव्याने चालवण्याची, म्हणजे मिसट्रायलची, मागणी केली. न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी ती फेटाळली. ज्यूरीने मृत्युदंड सुनावला. मात्र याच हॉर्टन यांनी जूनमध्ये पुरावा पुन्हा तपासून तो निकाल रद्द केला, आणि पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत त्यांना आपले पद गमवावे लागले.

आज असे उघड कोणी बोलत नाही. आज "ते लोक", "तो भाग", "त्यांची पद्धत" असे शब्द येतात. दक्षिण कॅरोलायनातील एका खटल्यात, शिक्षा ठरवणाऱ्या सर्व गोऱ्या ज्यूरीसमोर, सरकारी वकिलाने कृष्णवर्णीय आरोपीला "किंग काँग" आणि "गुहेत राहणारा माणूस" म्हटले. राज्यातील न्यायालयांनी हे आरोपीच्या थोराड देहाचे वर्णन आहे असे मानून ते चालवून घेतले. अखेर २०१६ मध्ये चौथ्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने ते शब्द वांशिक भीती चेतवण्यासाठीच वापरले गेले असे मानून मृत्युदंड रद्द झाल्याचा निर्णय कायम केला.

आपण ऐकलेल्या वाक्याशी तर एक निवाडा फारच मिळताजुळता आहे. सिएटलमधील एका खुनाच्या खटल्यात, साक्षीदार नीट बोलत नाहीत याचे कारण सांगताना सरकारी वकील म्हणाले होते, की काळे लोक काळ्यांविरुद्ध साक्ष देत नाहीत, हाच त्यांचा नियम. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये, 'राज्य विरुद्ध मंडे' या निवाड्यात, दोषसिद्धी रद्द केली. त्या खटल्यात घटनेचे चित्रफितीवरचे चित्रण उपलब्ध होते हे ध्यानात घ्यावे, म्हणजे पुरावा कमकुवत होता असे मुळीच नव्हते. त्या न्यायालयाने त्याच निवाड्यात एक वेगळी कसोटी घालून दिली. सरकारी वकिलाने ठळकपणे किंवा दिसण्याजोगे हेतुपुरस्सर वांशिक पूर्वग्रहाला आवाहन केले असेल, तर त्याचा निकालावर परिणाम झाला नाही हे वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी राज्याची राहील. आरोपीने नुकसान झाल्याचे सिद्ध करावे, अशी अपेक्षा त्याच्याकडून केली जाणार नाही.

ही कसोटी सर्वत्र लागू नाही, आणि तिथेच आपल्या पहिल्या व तिसऱ्या प्रश्नाचे अवघड उत्तर आहे. संघीय पातळीवर आजही १९७४ च्या 'डॉनेली' निवाड्यातले माप चालते. विधान अनुचित होते एवढे दाखवून भागत नाही, त्याने सगळा खटला अन्यायाने इतका दूषित केला की दोषसिद्धी हाच चौदाव्या घटनादुरुस्तीतील ड्यू प्रोसेसच्या, म्हणजे न्याय्य प्रक्रियेच्या, हक्काचा भंग ठरतो, हे दाखवावे लागते. हे माप किती कडक आहे याची कल्पना १९८६ च्या 'डार्डेन' निवाड्यावरून यावी. तिथे सरकारी वकिलाने आरोपीला जनावर म्हटले होते, सर्वोच्च न्यायालयाने त्या भाषणाचा निषेधही केला, आणि तरीही ५ विरुद्ध ४ मतांनी दोषसिद्धी कायम ठेवली.

"विचारात घेऊ नका" या सूचनेविषयी कायद्याचे गृहीतक असे, की ज्यूरी न्यायाधीशांच्या सूचना पाळते. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी १९४९ मध्ये एका निकालपत्रात या गृहीतकाला भाबडे म्हटले होते, आणि वकिली करणाऱ्या प्रत्येकाला ते निव्वळ कल्पित असल्याचे ठाऊक आहे, असे लिहिले होते. आपल्या वहीतील खोडलेले शब्द मला त्यांच्याच बाजूचे वाटतात.

नीलेश_द

मी वकील नाही, आणि सरकारी वकिलांचे ते वाक्य चुकीचे होते याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण या चर्चेत दुकानदार कुठे आहे, असे मला विचारावेसे वाटते.

माझा मोठा भाऊ पेट्रोल पंपावर रात्रपाळी करत असताना त्याच्यावर पिस्तूल रोखले गेले. पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही म्हणून तो पुन्हा चालवावा लागला. दुसऱ्या वेळी साक्ष देण्याच्या आदल्या रात्री तो झोपला नाही. गाडीत बसल्यावर त्याला उलटी झाली आणि आम्ही रस्त्याच्या कडेला वीस मिनिटे थांबलो होतो. उलटतपासणीत, पहिल्या वेळी तुम्ही डावा हात म्हणाला होता आणि आता उजवा म्हणता, असे त्याला विचारले गेले, तेव्हा तो खोटे बोलत असल्यासारखा दिसला. फेरखटला हा शब्द कागदावर सोपा वाटतो. तो ज्याला भोगावा लागतो त्याचा त्या वाक्याशी काही संबंध नसतो. सुजाताताईंच्या खटल्यात दुकानदाराने आरोपीला ओळखले होते, हरकत मान्य झाली, सूचना दिली गेली. आणखी काय करायला हवे होते? आणि वर्णाचा उल्लेखच न्यायालयात निषिद्ध ठरवला, तर साक्षीदाराने हल्लेखोराचे वर्णन तरी कसे करावे?

विश्वास_अपील

नीलेशराव, आपल्या भावाविषयी वाचून वाईट वाटले. चुकीची किंमत पीडितालाही मोजावी लागते, हे अगदी खरे आहे, आणि १९३५ च्या 'बर्जर' निवाड्यात न्यायमूर्ती सदरलंड यांनी सरकारी वकिलावर वेगळे बंधन घातले त्यामागे हेही एक कारण आहे असे मी मानतो. खटला जिंकणे हे त्याचे हित नव्हे, न्याय होणे हे त्याचे हित आहे. त्याने जोरदार घाव जरूर घालावेत, पण गैर घाव घालण्याची त्याला मुभा नाही, असे त्यांनी लिहिले. आपल्या भावाला दुसऱ्यांदा उभे करण्याची वेळ कोणामुळे येते, हा प्रश्न त्या वकिलालाच विचारला पाहिजे, कारण ते वाक्य न बोलणे पूर्णपणे त्याच्या हातात होते.

वर्णाचा उल्लेख सरसकट निषिद्ध नाही. साक्षीदाराने हल्लेखोराचे वर्णन करताना, किंवा गुन्हाच वंशद्वेषातून घडला असेल तर हेतू सिद्ध करताना, तो आवश्यकच असतो. तसेच मावसबहिणीच्या साक्षीवर शंका घेण्याचा सरकारी वकिलांना पूर्ण अधिकार होता. "ती त्याची बहीण आहे, तिचा त्याच्यावर जीव आहे, तो तुरुंगात जाऊ नये असे तिला वाटणारच" एवढे म्हणून ते थांबले असते, तर कोणीही हरकत घेतली नसती, आणि माझ्या मते युक्तिवाद तितकाच प्रभावी झाला असता. एका माणसाच्या नात्याविषयी बोलणे वेगळे आणि अवघ्या समाजाला शपथेवर खोटे बोलणारा ठरवणे वेगळे. पहिल्या युक्तिवादाला ती मुलगी उत्तर देऊ शकते. दुसऱ्याला ती काय उत्तर देणार? तिचा रंग हाच तिच्याविरुद्धचा पुरावा करून टाकला, तर तो खोडून काढायला तिच्याजवळ काही उरतच नाही.

"आणखी काय करायला हवे होते" याचेही उत्तर आहे. हरकत मान्य झाल्यावर बचाव पक्षाच्या वकिलांनी न्यायाधीशांजवळ जाऊन, ज्यूरीला ऐकू जाणार नाही अशा रीतीने, मिसट्रायलची मागणी केली होती का, हे पाहावे लागेल. केली नसेल तर अपिलात अभियोग पक्ष म्हणतो, तुम्ही हरकत घेतलीत, ती मान्य झाली, सूचना मिळाली, म्हणजे जे मागितले ते सर्व तुम्हाला मिळाले. आणि हरकतच घेतली नसेल तर परिस्थिती याहून बिकट. टेक्सासमधील एका अमली पदार्थांच्या खटल्यात आरोपीला खरोखर काय ठाऊक होते, हाच वादाचा मुद्दा होता. उलटतपासणीत सरकारी वकिलाने त्याला विचारले, की खोलीत आफ्रिकन-अमेरिकन आहेत, हिस्पॅनिक आहेत, पैशांनी भरलेली बॅग आहे, हा अमली पदार्थांचा व्यवहार आहे हे तुमच्या डोक्यात आले नाही का? बचावाच्या वकिलांनी हरकत घेतली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले, पण २०१३ मध्ये ते सुनावणीला घेण्यास नकार मिळाला. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी, न्यायमूर्ती ब्रायर यांच्या सहमतीने, त्या नकारासोबत स्वतंत्र टिपण लिहून त्या प्रश्नाची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली आणि असे प्रकरण पुन्हा आपल्यासमोर येऊ नये अशी आशा व्यक्त केली. तरी आरोपीच्या पदरात काही पडले नाही, कारण योग्य क्षणी एक शब्द उच्चारला गेला नव्हता.

बचावाच्या वकिलाची अडचणही मला समजते. सगळ्यांसमोर उठून हरकत घेतली की दुर्लक्ष झालेले वाक्यही ज्यूरीच्या कानात घुमू लागते, आणि गप्प बसले की अपिलाचा मार्ग अरुंद होतो. तो निर्णय दोन-तीन सेकंदांत घ्यावा लागतो. त्याची फळे अशील अनेक वर्षे भोगतो.

राहिला पुरेशा पुराव्याचा प्रश्न. २०१७ मध्ये निकाल लागलेल्या 'बक विरुद्ध डेव्हिस' या टेक्सासच्या प्रकरणात ड्वेन बक यांना मृत्युदंड द्यावा का हे ठरवताना, कृष्णवर्णीय असणे म्हणजे भविष्यात अधिक धोकादायक असणे, अशा आशयाचे मत एका मानसशास्त्रज्ञाने मांडले होते. दुर्दैव असे की त्याला बचाव पक्षानेच बोलावले होते. सरकारी वकिलांनी उलटतपासणीत तेच मत त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतले. संपूर्ण सुनावणीत याचा उल्लेख अगदी थोडा झाला, त्यामुळे त्याचा परिणाम नगण्य आहे, असा बचाव राज्याने केला. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी त्यावर लिहिले, की काही विषे अल्प मात्रेतही प्राणघातक असतात. निकाल ६ विरुद्ध २ असा बक यांच्या बाजूने लागला. वाक्य किती मोठे होते हे मोजून त्याचा परिणाम ठरत नाही, हे किमान त्या प्रकरणात तरी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे.

मृणालिनी_दुभाषी

मी न्यायालयात दुभाषी म्हणून काम करते आणि कायद्याच्या बारकाव्यांत शिरण्याचा माझा अधिकार नाही, पण नोंदीविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण सुजाताताईंनी लिहिलेली वळलेली मान माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

न्यायालयातील लघुलेखक शब्द टिपतात. खाली आणलेला आवाज, कठड्याजवळ येणे, कुटुंबाकडे वळलेली नजर, यांतले काहीही आपोआप कागदावर येत नाही. अपील न्यायालयातील तीन न्यायाधीश जेव्हा ती नोंद वाचतील, तेव्हा त्यांना "त्या लोकांत एक अलिखित नियम असतो" एवढेच दिसेल, आणि "ते लोक" म्हणजे आरोपीचे मित्र, त्याचे शेजारी, की चोरांची टोळी, असा वाद घालायला अभियोग पक्षाला पुरेपूर वाव राहील. अनुभवी वकील अशा वेळी मोठ्याने म्हणतात, "सरकारी वकिलांनी आरोपीच्या कुटुंबीयांकडे पाहून हे विधान केले, याची नोंद घ्यावी." मग ते नोंदीत येते. हे एक वाक्य म्हणायला पाच सेकंद लागतात. मी माझ्या कामात ते फार थोड्या वेळा ऐकले आहे.

विश्वास यांनी सांगितलेल्या सिएटलच्या खटल्यात सरकारी वकिलाने एका कृष्णवर्णीय साक्षीदार स्त्रीची साक्ष घेताना "पोलीस" हा शब्द मुद्दाम वेगळ्या हेलाने, तिची नक्कल वाटावी असा, उच्चारला होता. तो उच्चार नोंदीत तसाच्या तसा उतरला म्हणून वरच्या न्यायालयाला त्यावर बोट ठेवता आले. नेहमीच्या शुद्ध स्पेलिंगमध्ये तो शब्द टिपला गेला असता, तर अपमान घडला पण कागदावर उरला नाही, असे झाले असते. भाषांतर करताना आम्हाला शिकवले जाते की साक्षीदाराचा सूरही पोहोचवा. वकिलाचा सूर पोहोचवण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नसते, असे मला अनेकदा वाटते.

नीलेश_द

विश्वासजी, बहिणीच्या नात्याविषयीचा आपला मुद्दा मला पटला. फेरखटल्याविषयीचे माझे मत मी अजून बदललेले नाही, पण दोष कोणाकडे जातो हे मी आधी उलटे धरले होते. एक शंका अजून आहे. सुजाताताई स्वतः ज्यूरीवर होत्या. मग त्यांनीच न्यायालयाला कळवले, की त्या वाक्याचा आमच्यावर परिणाम झाला, तर प्रश्नच मिटतो ना?

विश्वास_अपील

दुर्दैवाने नाही. ज्यूरीच्या खोलीत काय बोलले गेले आणि कोणाच्या मनावर कशाचा परिणाम झाला, हे निकाल उलथवण्यासाठी पुरावा म्हणून घेता येत नाही, असा जुना नियम आहे. ज्यूरीच्या सदस्यांनी मोकळेपणी बोलावे आणि नंतर कोणी त्यांच्यामागे लागू नये, हा त्यामागचा हेतू. २०१७ च्या 'पेन्या-रॉड्रिगेझ विरुद्ध कोलोराडो' निवाड्याने ५ विरुद्ध ३ मतांनी त्याला एक अपवाद केला. तिथे ज्यूरीतील एका सदस्याने, आरोपी मेक्सिकन आहे म्हणून त्यानेच हे केले असणार, अशा अर्थाचे स्पष्ट बोल चर्चेत काढले होते, आणि इतर दोन सदस्यांनी ते बचाव पक्षाला सांगितले. वांशिक पूर्वग्रहावर विसंबून आपण दोषी ठरवत आहोत, असे सदस्याने स्पष्टपणे बोलून दाखवले असेल, तरच हा अपवाद लागू होतो. सुजाताताईंच्या वर्णनात तसे कोणी काही बोललेले नाही. एक मान हलली, एक रेघ ओढली गेली. कायद्याचा हात तिथपर्यंत पोहोचत नाही.

म्हणून तर भर खटल्यातील वाक्यावर आक्षेप घेणे इतके महत्त्वाचे ठरते. ज्यूरीच्या मनात शिरता येत नाही, पण सरकारी वकिलाचे शब्द नोंदीत असतात. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये रेशियल जस्टिस ॲक्ट संमत करून याच दिशेने बरेच मोठे पाऊल टाकले. त्या कायद्यानुसार वकील, न्यायाधीश, पोलीस, तज्ज्ञ साक्षीदार किंवा ज्यूरीचा सदस्य यांनी आरोपीच्या वंशाबद्दल पूर्वग्रह दाखवला किंवा खटल्यात वांशिक भेदभावाची भाषा वापरली, तर ते जाणूनबुजून केले होते हे आरोपीला सिद्ध करावे लागत नाही. हेतू सिद्ध करण्याची अट १९८७ च्या 'मॅकक्लेस्की' निवाड्यापासून आरोपींच्या गळ्यात अडकली होती. कृष्णवर्णीय व्यक्तीचा खून करणाऱ्याच्या तुलनेत गोऱ्या व्यक्तीचा खून करणाऱ्याला मृत्युदंड मिळण्याची शक्यता ४.३ पट असल्याचे जॉर्जियातील अभ्यासाने दाखवले असूनही, तुमच्याच खटल्यात तुमच्याविरुद्ध कोणी जाणूनबुजून भेदभाव केला हे दाखवा, असे त्या वेळी ५ विरुद्ध ४ मतांनी सांगण्यात आले. त्याच निकालपत्राच्या एका तळटीपेत, सरकारी वकिलांनी वांशिक पूर्वग्रहावर आधारित युक्तिवाद करण्यास राज्यघटना मनाई करते, असेही नमूद आहे. मनाई आहे, पण ती मोडल्यावर काय करायचे, हे बव्हंशी राज्याराज्यांवर सोडलेले आहे.

सुजाताताई, त्या खटल्याचे अपील प्रलंबित असेल तर त्यातील वकिलांना नोंदीतून हे वाक्य दिसेलच. आपण त्यांना काही सांगू इच्छित असाल, तर आधी आपल्या न्यायालयाचे याविषयीचे नियम पाहा आणि मगच संपर्क करा.

सुजाता_क

आपणा सर्वांचे मनापासून आभार. विश्वासजी, 'मंडे' निवाडा मी काल रात्री संपूर्ण वाचला. मृणालिनीताई, त्या दिवशी आमच्या न्यायालयात मान वळल्याची नोंद घ्या असे कोणी म्हटले नव्हते, एवढे मला नक्की आठवते. हरकत घेऊन ते वकील खाली बसले. न्यायाधीशांजवळ ते गेले नाहीत.

नीलेशजी, दुकानदाराविषयी आपण विचारले ते योग्यच होते. त्यांचे हात साक्ष देताना थरथरत होते, आणि त्यांच्याबाबत मला आजही कळवळा वाटतो. आरोपी निर्दोष होता असे मी म्हणत नाही, कारण मला ते माहीत नाही. आपण सर्वांनी लिहिलेले वाचत असताना मी एक गोष्ट आठवून पाहिली, आणि ती इथे लिहून ठेवते, कारण ती कुठल्याच नोंदीत नाही.

आम्ही दोन दिवसांत मिळून साधारण नऊ तास चर्चा केली. चित्रण सहा-सात वेळा पाहिले. टोपीचा रंग, दुकानातला उजेड, दुकानदार किती अंतरावर उभे होते, यांवर तावातावाने वाद झाले. मावसबहिणीचा विषय निघाला तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "ती तर असेच सांगणार," आणि दोन-तीन जणांनी हुंकार भरला. मीही भरला. पुढे कोणी काही विचारले नाही. त्या मुलीने साक्षीत सांगितले होते की त्या संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप गळत होता, आरोपी तो दुरुस्त करत होता, आणि मधेच एक वॉशर आणायला तिने शेजाऱ्यांकडे मुलाला पाठवले होते. शेजारी न्यायालयात का आले नाहीत, वॉशर मिळाला का, पाइप खरोखर दुरुस्त झाला का, यांतला एकही प्रश्न आम्हा १२ जणांपैकी कोणी मांडला नाही. तिच्या साक्षीवर आम्ही पाच मिनिटेही घालवली नाहीत.